पुजलेली चौकट

१

खरकट्या भांड्यांचं घमेलं कमरेवर घेऊन रुपाली रोज सकाळी आपल्याच घराला वळसा घालायची. स्वयंपाकाच्या ओट्यापासून निघायचं, तो मेला लांबलचक हॉल ओलांडायचा, ओसरी ओलांडायची, चपला सरकवायच्या, रस्त्यावर यायचं, गल्लीतून मागं जायचं, तेव्हा कुठं नळ आणि धुण्याचा दगड. वाटेत भेटेल तो विचारणार, "काय वहिनी, नवं घर कसं काय?" आणि हिच्या कमरेवर पिठल्याची करपलेली कढई. तळपायाची आग मस्तकात जायची तिच्या.

याच जागेवरच्या जुन्या घराला मागचं दार होतं. उंबऱ्यावर बसून भाजी निवडावी, चूळ भरावी, लेकराला बाहेर हाकलावं आणि मागच्या नूरबी भाभीशी दोन शब्द बोलून घ्यावेत. त्या दारातून तिची लेक डिंपल दिवसातून पन्नासदा नूरबीकडं पळायची. धाड गावच्या पंचक्रोशीत मागचं दार नसलेलं घर कुणी शोधून दाखवावं. पण हे नवं घर पडलं डिझायनर घर. त्याला मागचं दार शोभत नाही म्हणे. दिसायला बरं दिसत नाही.

कुणाला दिसायला, ते काही कुणी सांगितलं नाही.

हे सगळे उपद्व्याप धाकट्या दिराचे. हरिओम बरीच वर्षं मुंबईला सिनेमा-मालिकांचे सेट उभारत होता. प्लायवूडच्या हवेल्या, थर्माकोलचे खांब. आता बुलढाण्यात ऑफिस थाटून लोकांची घरं सजवायला बसला, आणि गिऱ्हाइकांना दाखवायला नमुना म्हणून थोरल्या भावाचंच घर धरलं. शेखर भाज्या पिकवणारा साधा माणूस, पण भावापुढं त्याची अक्कल गहाण. हरिओमनं मोबाइलवर आपण केलेल्या एका मालिकेतलं घर दाखवलं आणि शेखर म्हणाला, "हेच पाह्यजे. तसंच्या तसं."

"वहिनी, सिनेमात घर म्हंजे पात्र असते," हरिओम समजवायचा. "हिरोइन जिना उतरून राह्यली, का तिचं दुःख अर्ध्या जिन्यातच लोकाईले कळलं पाह्यजे. खलनायकाच्या खोलीचं छत आमी मुद्दाम खाली घेतो, पाहणाऱ्याचा जीव घुसमटला पाह्यजे. आपल्या लोकाईच्या घराईत काय असते? नुसत्या खोल्या. घर बोललं पाह्यजे."

"घराले बोलू नको म्हणा," रुपाली म्हणाली. "भांडे धुऊ दे म्हणा मले."

पण उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला शेळी काय म्हणते ते ऐकू येत नसतं.

बांधकाम नूरबीच्या नवऱ्याकडं होतं, जहांगीर मिस्तरीकडं. त्यानं मोबाइलमध्ये डोळे घालून तीन भिंती हुबेहूब उतरवल्या आणि विचारलं, "भाऊ, ही चौथी कशी हाय? ही तं दिसतच नाही."

"तिकडं कॅमेरा असते मिस्तरी," हरिओम हसला. "सेटले तिकडं भिंत नसतेच. तू आपली साधी घाल."

त्याच भिंतीत रुपालीनं हट्टानं दार मागितलं होतं. सागवानी चौकट उभी राहिली, तेव्हा रीतीप्रमाणं तिनं स्वतः हळद-कुंकू लावलं, आंब्याचा डहाळा बांधला, नारळ फोडला. तेवढ्यात हरिओम आला. मागं मागं सरकत त्यानं दोन्ही हातांचा चौकोन करून डोळ्यापुढं धरला आणि म्हणाला, "हे काढा. समोर दार आलं का नजर तिथून निसटते."

जहांगीरनं कानाला हात लावले. "पुजलेली चौकट उपटत नसतात भाऊ. म्या नाही काढत." मग दोघांनी तोड काढली. चौकट जागच्या जागी ठेवली आणि मधे विटा भरून वरून गिलावा मारला. रुपाली खोबऱ्याचा तुकडा हातात घेऊन बघत राहिली. तिला कुणी विचारलंसुद्धा नाही.

२

राहायला आल्यावर आधी नुसती चिडचिड झाली. हॉल एवढा मोठा, की हाक मारली तर आपलाच आवाज आपल्याला परका वाटावा. मधोमध जिना. ओट्याला आडोसा नाही, पोळी करपली तरी समोरच्या दारातून दिसणार. आणि सगळं घर, जिना, सोफा, ओटा, त्या एका कोऱ्या भिंतीकडं तोंड करून. भिंतीवर खुंटी नाही, कोनाडा नाही, कॅलेंडर नाही. रुपालीनं एकदा कॅलेंडर लावलं, तर शेखरनंच दुसऱ्या दिवशी काढून ठेवलं. "काऊन काढलं?" विचारलं तर म्हणाला, "काय माहीत. मधे मधे येत होतं."

कशाच्या मधे? पण माणूस शेतात निघून गेला होता.

मग तिच्या लक्षात यायला लागलं. येणारा-जाणारा कुणीच त्या भिंतीला पाठ करून बसत नाही. खुर्ची कुठंही ठेवा, बसणारा ती वळवून घेतो. शेखरची मोठी बहीण आली, ती तर चहाचा कप हातात धरून उभीच राहिली, अंगाची एक बाजू वळवून, फोटो काढताना उभं राहतात तशी. रुपालीनं स्वतःला समजावलं. भिंत मोकळी आहे, रंग फिका आहे, उजेड तिकडून परततो. माणूस उजेडाकडं वळणारच, त्यात काय एवढं.

आणि मग एके दुपारी डिंपल जिन्यावरून पडली.

सात वर्षांची पोर, खालच्या दोन पायऱ्यांवरून घसरली. गुडघा सोलला. रुपालीनं ओट्यापाशी उभ्या उभ्या पाहिलं. डिंपल उठली. रडली नाही. लंगडत हॉलच्या मधोमध आली, भिंतीकडं तोंड केलं, फ्रॉक जरा सारखा केला, आणि मग भोकाड पसरलं. आई उजव्या हाताला उभी होती. पोरीनं आईकडं पाहिलंसुद्धा नाही.

लेकराला लागलं तर ते आईकडं धावतं. जगात कुठंही जा, हीच रीत. रुपालीला भीती नाही वाटली त्या दिवशी, राग आला. आपलं लेकरू आपल्याला सोडून भिंतीशी रडतं म्हणजे काय?

३

"भाभी, एक सांगा," दुसऱ्या दिवशी नळावर भांडी घासताना तिनं विचारलं, "आमच्या घरातला आवाज येते का तुमाले?"

भिंतीची बाहेरची बाजू समोरच होती. हरिओमनं तिला रंगही दिला नव्हता, इकडून पाहायला कोण येतंय! रुपालीनंच सूड म्हणून नूरबीला सांगितलं होतं, थापा बिनधास्त गोवऱ्या. नूरबीनं अख्खी भिंत थापून काढली होती. खाली दोन शेळ्या निवांत पाला खात होत्या.

नूरबी हातातलं शेण झटकून उभी राहिली. "तेच म्या तुले विचारणार होती, माय. पह्यले तुमी नवरा-बायको भांडले का मले शब्दन् शब्द समजे. भाजीत मीठ जास्त झालं हे बी समजे. आता काहीच नाही. भांडत नाही का तुमी?"

"भांडतो व. रोज भांडतो. पह्यल्यापेक्षा जास्त."

"मंग जाते कुठी आवाज?" नूरबी हसली. "अर्ध्या विटेची तं भरती हाय तिथं. माह्याच मानसानं भरली."

रुपालीही हसली, पण हात थांबले. कारण भांडण झालं की तिला आतून एक आवाज येत असे. भांडण संपलं, शेखर सोफ्यावर टेकला, सगळं गप्प झालं, की भिंतीपलीकडून हलकी सळसळ. मांडवातला कार्यक्रम संपल्यावर माणसं पाय मोकळे करत उठतात, लुगडी झटकतात, तसलं काहीतरी. ती मनाशी म्हणायची, नूरबीच्या शेळ्या असतील.

शेळ्यांना काय, त्या चरत होत्या. त्यांच्या पाल्याची कुरकुर तिला इथं, दोन हातांवरून, जेमतेम ऐकू येत होती.

४

आठवडा गेला नसेल, डिंपल पुन्हा पडली. या खेपेला वरच्या पायरीवरून. डावा हात मोडला. बुलढाण्याला नेऊन प्लास्टर घातलं. डॉक्टर म्हणाले, जिन्याला कठडा का नाही? शेखर म्हणाला, कठड्यानं जिन्याचा लूक जातो. डॉक्टरनं त्याच्याकडं असं पाहिलं, की रुपालीला वाटलं, धरणी दुभंगली तर बरं.

घरी आल्यावर तिनं तोंडाचा पट्टा सोडला. कठडा नाही, दार नाही, आडोसा नाही, पोरीचा हात मोडला, आणि याला लूक पाहिजे! बडा घर पोकळ वासा! भावाच्या दुकानाचा नमुना व्हायला मी आणि माझी पोर जन्माला आलो का? ती बोलत होती आणि शेखर ऐकत होता.

तेच खटकलं. शेखर ऐकणारा माणूस नव्हे. लग्न झाल्यापासून त्यानं तिचं एक वाक्य कधी पुरं होऊ दिलं नव्हतं. आता तो जिन्याला टेकून, मान किंचित खाली घालून, तिचं बोलणं संपायची वाट पाहत होता. आणि रुपाली? चिडली तेव्हा ओट्यापाशी होती. आता ती हॉलच्या मधोमध होती. ओले हात पदराला पुसलेले, केस कानामागं सारलेले, तोंड भिंतीकडं. हे सगळं तिनं कधी केलं, तिला आठवेना. आवाज तर असा खणखणीत लागला होता, की तिचा तिलाच आवडला.

ती वाक्याच्या मधेच गप्प झाली. घर गप्प झालं. भिंतीपलीकडं कुणीतरी, नव्हे, बरीच जणं श्वास धरून होती. निदान तिला तसं वाटलं. सिमेंट सुकतं, विटा तडकतात, नव्या घरात आवाज होतातच, असं तिनं स्वतःला बजावलं. 

त्या शांततेत जिन्यावर बसलेली डिंपल उठली. गळ्यात अडकवलेलं प्लास्टर सावरलं, डोळे पुसले, आणि भिंतीला विचारलं, "पुन्हा?"

मग वळून वरच्या पायरीकडं चढायला लागली. रुपालीनं झेप घालून तिचा फ्रॉक धरला म्हणून बरं.

५

"मी दुसरबीडले चालली. माहेरी. पोरीले घेऊन," दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पिशवी भरून सांगितलं.

नेमका हरिओम आलेला. चिखलीचं एक बडं गिऱ्हाईक घर पाहायला यायचं होतं. शेखरनं इस्त्रीचा शर्ट घातला होता.

"आज नको," शेखर म्हणाला. "पाहुणे येऊन जाऊ दे."

"पोट्टी आपल्या मनानं जिन्यावरून पडून राह्यली, आन तुमाले पाहुणे सुचून राह्यले? बाप हाय का कोण हाय तुमी?"

"वहिनी, लेकरं करतात असं," हरिओम मधे पडला. "लक्ष वेधायले करतात."

"कोणाचं लक्ष, भाऊजी? मी इकडं हाय. बाप तिकडं हाय. पोट्टी कोणाकडं पाहून पडते?"

हरिओमनं मान वळवली. त्याची नजर भिंतीकडं गेली. त्याच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते रुपाली जन्मात विसरणार नव्हती. भीती नव्हती ती. काम चांगलं उतरल्यावर मिस्तरी जसा चार पावलं मागं जाऊन पाहतो, तसं तो पाहत होता.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. दोघं भाऊ गडबडीनं निघाले. "जरा शांत हो, मंग बोलू," म्हणत शेखरनं दार ओढलं आणि बाहेरून कडी लावली. पाहुण्यांपुढं बायकोचा तमाशा नको ना! आधी शेत दाखवू, मग घर, असं काहीतरी बोलत गाडी निघून गेली.

रुपालीनं दार बडवलं. हाका मारल्या. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, बाजाराचा दिवस. खिडक्यांना जाड गज.  बाईला कोंडून ठेवतात! स्वतःच्या घरात! तिनं मागं वळून पाहिलं, तर डिंपल अर्धा जिना चढली होती. सावकाश चढत होती, एकेका पायरीवर थांबून, तोंडावर दुःख आणून.

रुपालीनं तिला उचलून ओट्यावर बसवलं. "हालली तं तंगडं मोडीन." मग जिन्याखालची सब्बल ओढून काढली, शेतात खुंट रोवायची लोखंडी पहार. चौकट कुठं पुरली होती ते तिला डोळे झाकूनही सापडलं असतं. पुजली होती तिनं.

पहिल्या घावाला गिलावा उडाला. दुसऱ्याला वीट हलली. प्रत्येक घावाला ती बोलत होती. हा तुमच्या लूकसाठी. हा माझ्या कढईसाठी. हा तुमच्या तसंच्या तसंसाठी. हा पोरीच्या हातासाठी. बोलता बोलता रडू यायला लागलं तरी सब्बल थांबली नाही. सागवानाची कड उघडी पडली, तिच्यावर हळद तशीच पिवळी. मग वीट बाहेरच्या बाजूला कलंडली आणि उजेडाची तिरीप आत आली.

६

उजेड पाहून तिचा जीव भांड्यात पडला. शेणाचा वास आला, पाल्याचा वास आला. तिनं आणखी विटा पाडल्या. कमरेएवढ्या उंचीवर सुपाएवढं भोक झालं. पलीकडं हिरव्या ओढणीचा पदर हलला.

"भाभी! नूरबी भाभी! माह्या पोट्टीले घ्या व!"

"आन. आन इकडं," पलीकडून नूरबीचा आवाज आला. "दे माह्याजवळ."

दोन हात आत आले. शेणानं माखलेले, काचेच्या हिरव्या बांगड्या. रुपालीनं डिंपलला उचललं आणि प्लास्टरचा हात जपत, पाय पुढं करून भोकातून सोडलं. पोर रडली नाही, ओरडली नाही, अंग सैल सोडून सहज निघून गेली. त्या हातांनी तिला अलगद घेतलं. सुटली बाई माझी पोर, असं म्हणत रुपाली तिथंच भुईवर बसली. किती दिवसांनी तिला हलकं वाटलं.

बसल्या बसल्या तिला वाटलं, भाभीनं विचारलं कसं नाही काही? नूरबी अशी मुकाट्यानं कधी काही करत नाही. भिंत का फोडली, नवरा कुठं गेला, चार शिव्या दिल्याशिवाय ती लेकराला हात लावायची नाही.

तेवढ्यात पुढच्या दाराची कडी वाजली.

"काय तोडून राह्यली व तू?" दारात नूरबी उभी होती. दोन्ही हातांत बाजाराच्या पिशव्या, घामाघूम, मागं जहांगीर. "गल्लीच्या तोंडापासून ठोकाठोकी ऐकू येऊन राह्यली. कडी कोणं लावली बाहेरून? आन डिंपल कुठी हाय?"

रुपालीनं तिच्याकडं पाहिलं. भोकाकडं पाहिलं. भोकातून उजेड येतच होता.

तिनं नुसतं बोट दाखवलं. जहांगीरनं भिंतीकडं पाहिलं, पिशवी टाकली आणि गल्लीतून मागं धावला. थोड्या वेळानं त्याची हाक आली. भोकातून नाही, गल्लीच्या बाजूनं, घराला वळसा घालून. "इथं कुठी हाय भोक? भिंत सलग हाय! गोवऱ्या जशाच्या तशा हायेत!"

रुपालीनं चौकटीत डोकं घातलं.

पलीकडं शेळ्या नव्हत्या, नळ नव्हता. आत येतोय असं वाटलेला उजेड तिच्याच हॉलमधला होता, तिच्या पाठीमागून तिकडं पडलेला. त्याच्या कडेला, जिथं नीट दिसत नव्हतं, तिथं बसलेल्यांचे गुडघे दिसत होते. एकाला लागून एक, मागं अंधारापर्यंत. पुढच्याच रांगेत डिंपल होती. मांडी घालून बसलेली, प्लास्टरचा हात मांडीवर, तोंड थोडं उघडं. हिरव्या बांगड्यांचा एक हात तिच्या केसांवरून फिरत होता.

"डिंपल! चल इकडं! डिंपल, आईकडं ये!"

रुपाली ओरडली, रडली, हात लांब केले, चौकटीवर कपाळ आपटून घेतलं. डिंपल तिच्याकडंच बघत होती. टीव्ही पाहताना जेवायला हाक मारली तर पोर जशी ऐकत नाही, तशी ती डोळे न मिटता आईकडं बघत बसली होती.